झाकलेली थोरली

सकाळची कामं उरकली की ताई मागच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू करून बसायची. खोली घराच्या अगदी टोकाला होती. पूर्वी तिथे जुन्या गाद्या, बिघडलेला पंखा आणि फेकवत नाही असं सगळं सामान ठेवलेलं असायचं. त्यातलं बरंचसं अजून तिथेच होतं. एका भिंतीला ताईची कॉट, दुसऱ्या भिंतीला टेबल, आणि मधे खुर्ची जेमतेम मागे सरकेल एवढी जागा. खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत दुधी कागद चिकटवलेला होता. तो लावताना आई म्हणाली होती, "तुझ्या डोळ्यांवर उजेड येतो ना, म्हणून लावते." ताईच्या डोळ्यांवर उजेड कधीच येत नव्हता.

शाळेत असताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका उमटला. मग तो हनुवटीवर आला, बोटांच्या पेरांवर आला, आणि बघता बघता अर्धा चेहरा आणि दोन्ही हात कोडाने भरून गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे दुखत नाही, कुणाला लागत नाही, आणि यामुळे कुणाचं काही अडत नाही. हे सांगायला खरं तर डॉक्टरांचीही गरज नव्हती. तिचे वडील औषधांच्या दुकानात गेली कित्येक वर्षं काउंटरवर उभे होते. एखादी बाई मुलाच्या गालावरचा डाग दाखवून घाबऱ्या आवाजात विचारायची, तेव्हा ते तिला शांतपणे समजवायचे, "अहो, हात लावला म्हणून काही होत नाही. त्याला बाकीच्या मुलांत खेळू द्या."

घरी मात्र ताईचा कप वेगळ्या फळीवर असे. तो तिथे कुणी ठेवला, कधी ठेवला, याची चर्चा कधी झाली नाही. त्या घरात ताईला कुणी कधी टाकून बोललं नाही, तिच्या अंगावर कुणी ओरडलं नाही. आई तिच्या आवडीचं करून वाढायची. फक्त पाहुणे आले की म्हणायची, "ताई, जरा आत जातेस?" पुढे पुढे तेही म्हणावं लागेना. दाराशी चपला वाजल्या की ताई आपणहून उठायची. एकदा एका पाहुण्यांचं लहान मूल खेळता खेळता मागच्या खोलीत शिरलं, तेव्हापासून आईने त्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. न्हाणीघर घराच्या दुसऱ्या बाजूला होतं. म्हणून कुणी यायचं असलं की ताई त्या दिवशी पाणी पीतच नसे.

तिचं काम फोटो नीट करण्याचं. गावातल्या स्टुडिओचे मालक, ज्यांना लहानमोठे सगळे फोटोवाले मामा म्हणत, ते काढलेले फोटो तिला कॉम्प्युटरवर पाठवायचे आणि ती ते सजवून परत करायची. बहुतेक फोटो लग्नाळू मुलामुलींचे असत. कुणाला उजळ व्हायचं असे, कुणाला उंच. धाकटी बहीण कामावरून आली की ताईच्या कॉटवर लोळत ते बघत बसायची.

"आज काय?" धाकटीने एकदा विचारलं.

"एका नवरदेवाचं पोट. झाकता झाकता माझीच कंबर धरली."

"पण हा माणूस समोर आल्यावर पोट दिसेलच ना?"

"तोवर लग्न झालेलं असतं," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्याच दिवशी तिने धाकटीला मास्क म्हणजे काय ते दाखवलं होतं. "हे बघ, फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. वरच्या थराला हा मास्क लावायचा. मास्कवर काळा रंग फिरवला की तिथलं झाकलं जातं आणि खालचा थर दिसायला लागतो. पांढरा फिरवला की झाकलेलं परत दिसतं."

"म्हणजे तू खोडत नाहीस?"

"खोडायचं कशाला? खोडलं की गेलं. झाकलेलं असलं की कधीही परत आणता येतं."

"आणि काळ्याने झाकतं, पांढऱ्याने दिसतं. उलटंच की," धाकटी म्हणाली. मग ताईच्या हाताकडे तिची नजर गेली आणि ती कॉटवरून उठली.

पुढच्याच महिन्यात आत्या धाकटीसाठी स्थळ घेऊन आली. मुलगा विजेची कामं करायचा. हाताखाली माणसं होती, स्वभावाने सरळ होता. वडील नव्हते. आईने शिवणकामाचं दुकान चालवून त्याला वाढवलं होतं. त्या बाईने मुलीच्या एकटीच्या फोटोबरोबर घरच्या सगळ्यांचाही एक फोटो मागितला. "माणसं कशी आहेत ते एकत्र बसलेली पाहिली की कळतं," असं तिचं म्हणणं होतं.

आई दुपारी मागच्या खोलीत आली. कॉटच्या कडेला बसली, उशीचा अभ्रा सारखा केला, पुन्हा केला.

"ताई, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"आपला तो मामांच्या स्टुडिओत काढलेला फोटो आहे ना, तो फार छान आलाय. त्यातच थोडं काही करता येईल का?"

ताईला कळलं. तरी ती म्हणाली, "थोडं म्हणजे?"

आईने खाली बघितलं. "तूच कर. बाहेर कुणाला दिलं तर उगाच चार तोंडी होईल. आणि तुझ्याइतकं बेमालूम कुणाला जमणार आहे?"

आईने हे कौतुकाने म्हटलं होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ताईला ते टोचलं असतं, पण आई मनापासून बोलत होती, आणि तेच जास्त वाईट होतं.

फोटोत बाबा आणि आई एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला आणि मधोमध ताई होती. तो काढताना मामाच म्हणाले होते, थोरली मधे बसू दे. ताईने स्टुडिओतल्या त्याच पडद्यासमोरचा, त्याच बाकाचा एक रिकामा फोटो शोधला आणि तो खालच्या थरात ठेवला. वरच्या थराला मास्क लावला आणि काळा ब्रश हातात घेतला. आधी केस गेले. केसांच्या कडांना ब्रश मऊ ठेवावा लागतो, नाहीतर डोक्याभोवती कापल्यासारखी रेघ दिसते. मग कपाळ गेलं, चेहरा गेला. स्वतःचा चेहरा जाताना तिला विशेष काही वाटलं नाही. सवयीने हात चालत होता. मधे मोकळी जागा राहिली, ती भरायला तिने धाकटीला वेगळ्या थरात घेऊन आईच्या जवळ सरकवलं. तेव्हा दिसलं, की धाकटीच्या खांद्यावर एक हात राहिला आहे. ताईचाच, पांढरे डाग असलेला, मनगटापाशी तुटलेला.

धाकटी मागे उभी राहून बघत होती.

"हा घालवायला तुझ्या दुसऱ्या खांद्याचं कापड इथे आणावं लागेल," ताई म्हणाली. "जरा वेळ लागेल."

तिने वळून पाहिलं. धाकटी खोलीतून निघून गेली होती.

लग्न ठरलं. मग मुलाकडच्यांचं येणं-जाणं सुरू झालं. कधी कपड्यांचं ठरवायला, कधी नुसतं भेटायला. पुढच्या खोलीतला हसण्या-बोलण्याचा आवाज भिंतीतून यायचा, कपबश्या वाजायच्या, मुलाच्या आईचा मोकळा, भरदार आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. ताई खुर्चीत बसून राहायची. खुर्ची करकरायची, म्हणून हलायची नाही. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायची. पाहुणे गेल्यावर आई घाईघाईने कडी काढायची आणि म्हणायची, "थोडेच दिवस आता. एकदा लग्न पार पडलं की काही नाही." काही नाही म्हणजे काय, हे ताईने कधी विचारलं नाही.

एका सकाळी फोटोवाले मामा स्वतः घरी आले. आई बाजारात गेली होती, बाबा दुकानात. ते कधी घरी यायचे नाहीत, काम फोनवर सांगायचे. आता मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एक काम आलंय. तुला सांगू की नको, या विचारात माझे दोन दिवस गेले."

"सांगा ना, मामा."

"धाकटीची होणारी सासू आली होती. तुम्ही पाठवलेला तो घरचा फोटो घेऊन. म्हणाली, यांची थोरली मुलगी लहानपणीच गेली. तिचा एखादा फोटो कुठून तरी मिळवा आणि या फोटोत तिला सगळ्यांच्या मधे बसवा. लग्नाच्या दिवशी विहीणबाईंना देणार आहे म्हणाली. त्यांना कळू न देता." मामा थांबले. "तिची स्वतःचीही एक मुलगी लहानपणी तापाने गेलीय. सांगताना डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी काही बोललो नाही. काय बोलणार?"

ताई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वळली. पडद्यावर कुणाच्या तरी गालावरचे फोड अर्धे झाकून झाले होते.

"मी गेले असं कोणी सांगितलं?"

"ते मला नाही माहीत, बाळ."

संध्याकाळी बाबा घरी आल्यावर ताई पुढच्या खोलीत गेली. तिने सरळ विचारलं. आईने दाराकडे पाहून आधी ते लोटून घेतलं.

"मी तसं म्हणालो नव्हतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज दुकानातल्यासारखाच शांत होता. "त्या बाईंनी विचारलं, हिला सगळे धाकटी म्हणतात, मग थोरली कुठे आहे? मी म्हणालो, थोरली... नाही. त्यांनी लगेच माझा हात धरला. म्हणाल्या, समजलं, पुढे नका बोलू. मग मी तरी काय करणार?"

"त्यांना चूक समजलं, एवढं सांगता आलं असतं."

बाबांनी पिशवीतला जेवणाचा डबा काढून आईपुढे धरला.

ताई धाकटीकडे वळली. "तू तिथे होतीस?"

धाकटीने मान हलवली. होती. "लग्न होऊन जाऊ दे, ताई. मग मी त्यांना सांगीन. शपथ."

"काय सांगशील? मेलेली बहीण भेटायला आली म्हणून? तुझ्या घरी मी कधी यायचं? कोण म्हणून यायचं?"

"तुला कळत नाहीये. मला आजवर दोन नकार आलेत. दोन्ही वेळा तुझ्यामुळे." धाकटीच्या तोंडून निघून गेलं आणि मग तिने ओठ घट्ट मिटले.

ताई परत मागच्या खोलीत गेली. घरच्या फोटोची मूळ फाइल तिने उघडली. त्यात सगळे थर तसेच होते. मास्कवर एक टिचकी मारून तिने तो बंद केला, धाकटीच्या खांद्यावर लावलेलं कापड काढलं, तिला तिच्या जागी सरकवलं, आणि फोटो जसा काढला होता तसा झाला. ती मधोमध बसली होती, हसत होती, एक हात बहिणीच्या खांद्यावर. तो फोटो काढला त्या दिवशी आपण इतक्या मोकळेपणाने हसलो होतो, हे ती विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोटो छापून काढला, बाहेर जायचे कपडे घातले आणि आईला सांगितलं, "मी मुलाच्या आईकडे जाऊन येते. त्यांनी मागितलेलं काम मला करता येणार नाही, ते मीच सांगायला हवं."

आई हातातलं काम टाकून दारापाशी आली. ताई चप्पल घ्यायला मागे वळून खोलीत गेली तेवढ्यात दार लागलं आणि बाहेरून कडी पडली.

"आई."

"मी तुझ्या पाया पडते," दाराआडून आवाज आला. आई रडत होती. "एकीचं तर होऊ दे. तुझं काही मी करू शकले नाही. एकीचं तरी होऊ दे."

ताई दारावर थापा मारत बसली नाही. कॉटवर बसली. पाहुण्यांसाठी लागणारी कडी आज पहिल्यांदा घरच्यांसाठी लागली होती. आपण इतकी वर्षं या खोलीत राहतो आहोत असं तिला वाटायचं. आपल्याला इथे ठेवलेलं आहे, हे त्या क्षणी तिच्या नीट लक्षात आलं. कागद न लावलेल्या अर्ध्या काचेतून शेजारच्या घराचं छप्पर आणि आभाळाचा एक तुकडा दिसत होता. तो बघता बघता ती उठली आणि दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

"धाकटे," ती हळू आवाजात म्हणाली. "बाहेर आहेस का?"

पलीकडे कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता.

"मी तुझ्या लग्नाच्या आड येत नाहीये. मी जिवंत आहे, एवढंच सांगायचंय मला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कडी सरकली. धाकटी दारात उभी होती, डोळे सुजलेले. आई स्वयंपाकघरात तोंडावर पाणी मारत होती.

"जा," धाकटी म्हणाली. "पण मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

भर सकाळी, चेहऱ्याला रुमाल न बांधता ताई रस्त्याने चालत गेली. लोक बघत होते. एका बाईने लेकराला जवळ ओढलं. ताई थांबली नाही.

शिवणाच्या दुकानात मुलाची आई गळ्यात माप घ्यायची पट्टी अडकवून कापड बेतत होती. तिने वर पाहिलं. डाग पाहिले, पण नजर तिथे अडकवली नाही. "काय शिवायचंय?"

"मावशी, मी शिवायला नाही आले. फोटोवाल्या मामांकडे तुम्ही एक काम दिलंत. मुलीच्या घरच्या फोटोत थोरलीला बसवायचं."

"हो, झालं का?"

"ती मला बसवता येणार नाही. ती आधीपासूनच होती. मीच तिला झाकलं होतं." तिने फोटो कापडावर ठेवला. "थोरली मीच."

बाईने फोटो पाहिला, मग ताईकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. कात्री तिच्या हातातच राहिली होती. ती तिने सावकाश खाली ठेवली.

"त्या दिवशी मी तुझ्या बाबांचा हात धरून रडले, तुझी आई शेजारीच होती," ती म्हणाली. "माझी खरंच गेली. चार वर्षांची होती. तुझ्या आईला माहीत तरी आहे का, ते काय असतं? घरात जितीजागती लेक असताना तिने माझं रडणं कसं ऐकून घेतलं?"

 आईच्या बाजूने काहीतरी बोलावं असं ताईला वाटलं. बाईने तिच्यापुढे स्टूल सरकवलं, पाणी दिलं, तांब्या तिथेच ठेवला. ताई दोन पेले पाणी प्यायली आणि मग मागच्या खोलीचं, कडीचं सगळं तिने सांगितलं.

त्याच संध्याकाळी ती बाई मुलाला घेऊन घरी आली. ताईला तिने मुद्दाम आपल्या शेजारी बसवून घेतलं. आई-बाबा समोर मान खाली घालून बसले होते.

"डागांचं आधी सांगितलं असतंत तर मी एक शब्द काढला नसता," ती म्हणाली. "आजही काढत नाही. मला भीती वेगळीच वाटते. उद्या माझ्या नातवंडाच्या अंगावर असं काही उठलं, तर तुम्ही त्यालाही कडी लावाल. आणि तुमची ही मुलगी गप्प बसेल, कारण तुम्ही तिला तेच शिकवलंय."

मुलाने धाकटीला एकच विचारलं, "तू मला कधी सांगणार होतीस?"

"लग्नानंतर," धाकटी म्हणाली.

 त्याला ती मनापासून आवडली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. मग तो उठला आणि आईच्या मागे बाहेर पडला. लग्न मोडलं. जे झाकल्याने लग्न टिकेल असं त्या घराला वाटलं होतं, ते झाकल्यानेच ते मोडलं.

यानंतर सगळं नीट झालं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. आत्याने येऊन ताईला दोष दिला आणि पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही म्हणून निघून गेली. आई महिनाभर आजारी असल्यासारखी पडून होती. बाबांचं बोलणं आणखी कमी झालं. धाकटी एका घरात राहून ताईशी बोलेना. ताई समोर आली की ती दुसऱ्या खोलीत जायची. कोण कुणाला टाळतंय याची अदलाबदल झाली होती, एवढंच.

ताई मात्र परत मागच्या खोलीत बसली नाही. मामांनी तिला स्टुडिओत, अगदी दर्शनी टेबलावर जागा दिली. पहिले काही दिवस दोन-चार गिऱ्हाइकं दारातून मागे फिरली. मामांनी हात चोळले, पण तिला आत बस म्हणाले नाहीत. त्यांना स्वतःलाही काही गोष्टी उशिरा कळत होत्या. चेहरा उजळ करून द्या म्हणून कुणी आलं, की ताई आता शांतपणे सांगते, "फोटो स्वच्छ करून देईन. माणूस बदलून देणार नाही." काही जण चिडतात. काही जण खुर्चीत बसतात.

येताजाता तिला गल्लीतली माणसं भेटू लागली. शेजारच्या घरातल्या आजी एकदा थांबून म्हणाल्या, "तू लग्न होऊन गेलीस असं वाटलं होतं गं आम्हाला." ताई म्हणाली, "मी इथेच होते, आजी." आजी पुटपुटल्या, "हो, त्या मागच्या खिडकीत दिवा दिसायचा खरा." तो दिवा गल्लीतल्या सगळ्यांना दिसत होता. एवढ्या वर्षांत कुणी एकाने दार वाजवून विचारलं नव्हतं, की तिथे कोण राहतं. या कथेत दोषी कोण हे ठरवताना आई-बाबांवर बोट ठेवणं सोपं आहे. पण आपल्या गल्लीतही असा एखादा दिवा लागत असेल, आणि तो आपणही पाहिला असेल.

वर्ष सरत आलं तेव्हा आईच्या ओळखीतून धाकटीसाठी नवीन स्थळ आलं. मुलाकडची माणसं रविवारी सकाळी येतो म्हणाली. आईने हळूच विषय काढला. आता मेली म्हणायचं नाही, पण ताई बाहेरगावी नोकरीला असते असं म्हटलं तर काय बिघडलं? खोटं तरी किती लहान. रविवारी सकाळी स्टुडिओत गर्दी असते, म्हणजे ती घरी नसणारच.

धाकटी भांडी पुसत होती. ताई पलीकडच्या खोलीत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. धाकटीने हातातलं ताट जागेवर ठेवलं, फडकं झटकून दोरीवर टाकलं.

"त्यांना फोन कर, आई," ती म्हणाली. "सांग, सकाळी नको, संध्याकाळी या. तोवर ताई कामावरून आलेली असते."